धनको ठाऊक नसलेले ऋण

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्र सांगितले आहे. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस आणि कर्मापासून यज्ञ. या चक्रातून मिळालेले भोगून जो परत काही देत नाही, त्याला तिथे सरळ चोर म्हटले आहे. यज्ञाने पाऊस पडत नाही हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते, म्हणून आपण हा भाग आदराने वाचतो आणि पुढे सरकतो. पण पावसाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी एक अवघड प्रश्न उरतो. चोरी म्हटली की कुणाचे तरी काही गेलेले असायला हवे. कुणाचे गेले हे दाखवताच येत नसेल, तर तिला चोरी कसे म्हणायचे? ज्याचे देणे लागतो तो धनकोच सापडत नसेल, तर ऋण उरते का? माझे मत आहे की उरते, आणि याचा आजच्या काळातला सर्वांत स्पष्ट पुरावा देशाच्या वीजग्रिडमध्ये आहे.

ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही. मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणाक्षणाला बसावा लागतो, आणि तो बसला की नाही हे एकाच आकड्यावरून कळते: फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या किती जवळ आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी जोडले गेले, आणि तेव्हापासून चंद्रपूरचे जनित्र आणि तमिळनाडूतल्या नेयवेलीचे जनित्र मिनिटाला त्याच ३,००० फेऱ्यांच्या आसपास एका लयीत फिरतात. अशा ग्रिडवर बार्शीजवळच्या एखाद्या शिवारात शेतपंप सुरू झाला, तर पहिल्या क्षणी त्याला वीज कोण देते? कोळसा वाढवायला किंवा पाण्याची झडप उघडायला अजून कुणाला सवडच मिळालेली नसते. ती ऊर्जा फिरत्या चक्रांच्या गतीतून येते. देशभरातली सगळी जनित्रे, मोजता येणार नाही इतकी किंचित, मंदावतात आणि आपल्या वेगातला कण त्या पंपाला देतात. मग जनित्रांचा वेग सांभाळणारे गव्हर्नर वाफ आणि पाणी वाढवतात, आणि त्यानंतर भार प्रेषण केंद्रातून निर्मितीचे हिशेब जुळवले जातात. घेणारा कोण हे मीटरवर दिसते. देणारा कोण, याला ‘सगळेच’ एवढेच उत्तर आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. एका पंपाने किंवा एका दिव्याने होणारा परिणाम इतका क्षुल्लक, की तो शून्यच धरावा. ५ एप्रिल २०२० च्या रात्री या आक्षेपाची परीक्षा झाली. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार देशभर नऊ मिनिटे घरातले दिवे मालवायचे होते. पंखे, फ्रीज, रस्त्यावरचे दिवे सुरूच होते. मागणी १२,००० ते १४,००० मेगावॉटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१,००० मेगावॉटने घटली, आणि जलविद्युत केंद्रांनी निर्मिती झपाट्याने खाली आणून पुन्हा वर नेली म्हणून ग्रिड सावरले. ते ३१,००० मेगावॉट म्हणजे शून्य धरलेल्या दिव्यांचीच बेरीज होती. शून्यांची बेरीज शून्यच होते. त्याअर्थी ती शून्ये नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. हा सारा दर आणि दंडाचा विषय आहे, त्यात धर्म कशाला? याला आधारही आहे. सूचनांना न जुमानता राज्ये वाट्याबाहेर वीज ओढत आणि फ्रीक्वेन्सी घसरत राही. १ जुलै २००२ ला पश्चिम ग्रिडमध्ये फ्रीक्वेन्सीशी जोडलेला दर लागू झाला आणि शिस्त आली. मात्र दराने ऋण निर्माण केले नाही, आधीपासून असलेले ऋण मोजले; आणि मापात न येणारा भाग तरीही बाहेरच राहिला. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तरेचे ग्रिड कोसळले तेव्हा फ्रीक्वेन्सी ५० पासून फार दूर नव्हती. पश्चिमेकडे वीज शिल्लक होती, उत्तरेकडची राज्ये वाट्याहून अधिक ओढत होती, आणि तो सगळा भार बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर आला होता, जिची जोडवाहिनी कामासाठी बंद होती. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिडे पडली. सुमारे ६२ कोटी लोक राहतात तो प्रदेश अंधारात गेला. संकटात आपापले फीडर आपोआप तोडण्यासाठी बसवलेल्या रिलेंनीही पुरेसा भार कमी केला नाही. इतरांसाठी थोडा अंधार सोसायची ती व्यवस्था होती, आणि ती सुस्थितीत ठेवण्याची निकड कुणाला वाटली नव्हती. दंडाच्या भीतीने एवढे साधत नाही. त्यासाठी आपण देणे लागतो हे आधी पटावे लागते.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मला थांबावे लागते. यज्ञ म्हटला की आहुती आली, आणि आहुती बहुधा दुसऱ्याची दिली जाते. मुंबईला वीज हवी होती म्हणून मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरे धरणाच्या पाण्याखाली गेली. १९२१ पासून सेनापती बापटांसह ते लढले आणि हरले. पुढे कोयनेच्या खोऱ्यातली गावे उठली. महाराष्ट्राच्या कारखान्यांना वीज मिळाली, पण सहा दशकांनंतरही तिथले धरणग्रस्त जमिनीसाठी आणि नागरी सुविधांसाठी आंदोलने करत आले आहेत. यज्ञाच्या भाषेने ही माणसे झाकली जात असतील, तर ती भाषा टाकून दिलेली बरी. पण ऋण मानणाऱ्यालाच ती झाकता येत नाहीत. बिल भरले की संबंध संपला असे मानणाऱ्याला कोयनेशी काही घेणेदेणे उरत नाही. ग्रिडचे देणे मानणाऱ्याला ते उरते, आणि इथे तर धनकोचे नाव, गाव, गट नंबर सगळे सरकारी कागदांत लिहिलेले आहे. म्हणून या धरणग्रस्तांच्या मागण्यांमागे महाराष्ट्रात वीज वापरणाऱ्या प्रत्येकाने उभे राहिले पाहिजे, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा खर्च विजेच्या दरात धरावा लागला तर तो कुरकुर न करता भरला पाहिजे.