धुळीतली अक्षरे

संत योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. व्यभिचारात सापडलेल्या एका स्त्रीला शास्त्री आणि परूशी मंदिराच्या आवारात आणून येशूपुढे उभी करतात. मोशेच्या नियमाप्रमाणे हिला दगडमार करायचा की नाही, असा त्यांचा सवाल आहे. उत्तर देण्याआधी येशू खाली वाकतो आणि बोटाने जमिनीवर काहीतरी लिहितो. काय लिहितो ते योहान सांगत नाही. येशूने काही लिहिल्याचा चारही शुभवर्तमानांतला हा एकमेव उल्लेख, आणि नेमका तोच मजकूर आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही.

अमेरिकन दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल याला ही उणीव सोसवली नसावी. १९२७ साली त्याने काढलेल्या 'द किंग ऑफ किंग्ज' या मूकपटात ती अक्षरे पडद्यावर दिसतात. येशू धुळीत आरोपकर्त्यांची पापे लिहितो आणि ती वाचून ते एकेक करून काढता पाय घेतात. प्राचीन काळच्या काही भाष्यकारांनीही असाच तर्क केला होता, तेव्हा डिमिलने पाखंड केले असे म्हणता येणार नाही. तरीही ते दृश्य मनाला पटत नाही. योहानाच्या कथनात ती माणसे निघून जातात ती जमिनीवरचे वाचून नव्हे. तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, हे ऐकून जातात. पाप उघड झाले म्हणून माघार घेणे वेगळे आणि पाप आठवले म्हणून माघार घेणे वेगळे. पडद्यावर पहिली गोष्ट घडते, शुभवर्तमानात दुसरी. एक रिकामी जागा भरताना सबंध प्रसंगाचा नैतिक अर्थच सरकला, आणि तो भक्तिभावाने सरकवला गेला.

बायबलवर चित्रपट काढावेत की नाही, हा माझा प्रश्न नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या दहा हजारांहून अधिक ओव्या कल्पनेच्या आधाराशिवाय झाल्या नसत्या. आपण दर उपवासकाळात क्रुसाची वाट चालतो. तिच्यातले तीन वेळा पडणे आणि येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका शुभवर्तमानांत कुठेच नाहीत. पडद्यावर ख्रिस्तचरित्र पाहता पाहता दादासाहेब फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले व १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला, हे तर सर्वश्रुत आहे. पवित्र कथा माणसाच्या कल्पनेला हात घालते, हाच तिचा जिवंतपणा. प्रश्न एवढाच की, शास्त्राने मोकळी सोडलेली जागा भरताना आपण कोणाचे काही हिरावून तर घेत नाही?

मरिया मग्दालीयेचे पाहा. तिच्यातून सात भुते निघाली होती, ती येशूच्या मागे गालीलाहून आली, क्रुसापाशी थांबली आणि पुनरुत्थित प्रभूला प्रथम भेटली, एवढेच शुभवर्तमान सांगते. तिला लूकच्या शुभवर्तमानातील पापी स्त्री ठरवले ते पोप ग्रेगरी यांच्या ५९१ सालच्या प्रवचनाने. डिमिलने तिला विलासी गणिका केले. मेल गिब्सनच्या २००४ सालच्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'मध्ये दगडमारातून वाचलेली ती स्त्रीही मरिया मग्दालीयाच आहे. योहानाने त्या स्त्रीला नाव दिले नाही. तिची लाज झाकण्यासाठी असेल, नसेल. पण नाव दिले नाही खरे. चित्रपटाने त्या निनावी स्त्रीला एक नाव दिले आणि ज्या बाईवर तो आरोप कोणी कधी केलाच नव्हता, तिच्यावर तो कायमचा चिकटवला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली मग्दालीयेच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. पण तेवढ्याने पडद्यावरची प्रतिमा पुसली जात नाही.

या प्रसंगात आणखी एक बारकावा आहे. सारा जमाव त्या स्त्रीकडे टक लावून पाहत असताना येशू मात्र खाली पाहतो. कॅमेऱ्याला ही गोष्ट फार अवघड जाते, कारण पाहणे हाच त्याचा धर्म. गिब्सनने फटक्यांचा प्रसंग असा चित्रित केला आहे की अंगावरचे मांस सुटेपर्यंत नजर हलू दिली जात नाही. शुभवर्तमानकारांनी तो एकेका वाक्यात उरकला आहे. तो चित्रपट पाहून मीही रडलो, हे कबूल करतो. पण पुढे कित्येक महिने रोझरीतली दुःखाची रहस्ये म्हणताना डोळ्यांपुढे जिम कॅव्हिझेल या नटाचा चेहरा येई. शुभवर्तमानांनी येशूचे रूप वर्णिलेच नाही. ती मोकळीक माझ्या प्रार्थनेचीही होती, आणि ती मी तिकीट काढून देऊन आलो होतो.

आता कोणी म्हणेल, मग भर घालूच नये. शास्त्रात जसे आहे तसे दाखवावे. तेही सोपे नाही. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पिलातापुढचा जमाव येशूच्या रक्ताचा दोष आपल्यावर आणि आपल्या मुलाबाळांवर घेतो. या एका वाक्याच्या आधाराने युरोपात शतकानुशतके यहुदी लोकांचा छळ झाला. अखेर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात स्पष्ट केले की, त्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही. गिब्सनने ते वाक्य अरामी भाषेत तसेच राहू दिले आणि खालचा अनुवाद तेवढा काढून टाकला. म्हणजे ज्याला कळते त्याने ऐकावे, ज्याला कळत नाही त्याने दुखावू नये! ही धड निष्ठाही नव्हे आणि धड करुणाही नव्हे. अक्षराला जागूनही शेजाऱ्यावर अन्याय होऊ शकतो, हे मान्य करण्याचे धैर्य तेथे कमी पडले.

गिब्सनने ज्या दक्षिण इटलीतील मातेरा गावात चित्रीकरण केले, तेथेच चाळीस वर्षांपूर्वी पिएर पाओलो पाझोलिनीने 'संत मत्तयाचे शुभवर्तमान' (१९६४) चित्रित केला होता. हा माणूस नास्तिक आणि मार्क्सवादी. आदल्याच वर्षी एका लघुपटात धर्माचा अवमान केला म्हणून न्यायालयाने त्याला दोषी ठरवले होते. त्याने हा चित्रपट पोप जॉन तेविसावे यांच्या स्मृतीला अर्पण केला. संवाद मत्तयाचेच घेतले. मत्तयाचा योसेफ एक शब्दही बोलत नाही, म्हणून पाझोलिनीच्या चित्रपटाच्या आरंभी गर्भवती मरिया आणि योसेफ एकमेकांकडे नुसते पाहत राहतात आणि योसेफ वाटेला लागतो. ती शांतता त्याने भरली नाही. न्यायनिवाडाही तो जमावाच्या डोक्यांमागून, दुरूनच दाखवतो.

एके ठिकाणी मात्र त्याने स्वतःचा नियम मोडला. क्रुसापाशी उभ्या असलेल्या स्त्रियांत मत्तय येशूच्या आईचे नाव घेत नाही. ते फक्त योहान घेतो. पाझोलिनीच्या चित्रपटात ती तेथे आहे, आक्रोश करणारी, जमिनीवर कोसळणारी. ही भर मला खुपली नाही, आणि का खुपली नाही याचा मी बराच विचार केला. त्या भूमिकेत त्याने कोणी नटी घेतली नव्हती. ती त्याची स्वतःची आई सुझान्ना होती. तिचा धाकटा मुलगा, गुइदो, १९४५ साली युद्धात मारला गेला होता. थोरला कॅमेऱ्यामागे उभा होता. १९७५ च्या नोव्हेंबरात त्याचाही खून झाला, तेव्हा ती हयात होती.