लेकरांस कशापासून राखावे?

गेल्या उन्हाळ्यात एका खेड्यातील मंडळीत उपासना आटोपल्यावर आम्ही आईबापांस एक साधा प्रश्न विचारिला. आपल्या लेकरांस जगातील कोणत्याही एकाच गोष्टीपासून राखण्याचे सामर्थ्य तुम्हांस मिळाले, तर ती गोष्ट कोणती असावी? कोणी दुखणे म्हणाले, कोणी दारू, कोणी सावकाराचे कर्ज. एक गृहस्थ दरसाल बायकोसह ऊसतोडीस जातात. ते म्हणाले, "कोयत्यापासून." शेवटी भिंतीशी टेकून बसलेली एक म्हातारी बोलली, "पोटाला कमी पडलं तर पडू द्या. पण माझ्या नातवाला कुणी दारातनं हाड म्हणू नये." तिच्यामागून कोणी काही बोलले नाही. जो तो आपापल्या लेकराकडे पाहू लागला.

दुखण्याची भीती लहान आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या आजी-पणजींच्या काळी देवीच्या साथीत एकेका घरातील दोन दोन पाळणे रिकामे होत. तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. पोलिओने पांगळे झालेले मूल पूर्वी गावोगाव दिसे; त्या रोगापासून आपला देश २०१४ साली मुक्त ठरला. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गोवर यांवर आज गावाजवळच्या उपकेंद्रात लस मिळते, आणि ती न टोचविणाऱ्या आईबापांस सबब सांगावयास जागा उरलेली नाही. परंतु म्हातारीने ज्याचा उच्चार केला त्या दुखण्यावर कोणत्याही उपकेंद्रात लस मिळत नाही. आम्ही खेड्यापाड्यांतील लोक त्या दुखण्यास चांगले ओळखतो. त्याचे नाव अपमान. हातून काही अपराध घडल्यावाचून, केवळ जन्मामुळे झालेला अपमान.

डॉ. भीमराव आंबेडकर यांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेविल्या आहेत. त्यांतील एक प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावी अशी आहे. साल १९०१ च्या सुमाराचे. भीमराव तेव्हा नऊ वर्षांचे, आई वारलेली. वडील सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे रोखपालाचे काम करीत होते. दुष्काळात लोकांस काम मिळावे म्हणून तेथे सरकारी तलाव खोदिला जात होता. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांस बोलाविले. भीमराव, त्यांचे बंधू व दोन भाचे अशी चौघे मुले साताऱ्याहून निघाली. नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे, असा थाट होता. बापाने मुलांकरिता जे जे करावयाचे ते सर्व रामजींनी केले होते, असे म्हणावयास हरकत नाही. मुलांना न्यावयास शिपाई पाठवावयाचे ठरले होते. पण येण्याचा दिवस कळविणारे पत्र नोकर त्यांस द्यावयास विसरला, आणि मसूर स्टेशनावर चार मुले उभी राहिली.

स्टेशनमास्तर प्रथम मायेने बोलला. मुलांचे कपडे पाहून ती वरच्या जातीची असावीत असा त्याचा समज झाला. "आम्ही महार" असे शब्द ऐकताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले भाडे घेईनात. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी मुलांनी हाकावयाची व त्याने पायी चालावयाचे या अटीवर. बरोबर शिदोरी पुष्कळ होती, पण पाणी नव्हते. मध्यरात्री जकातीचे नाके आले. मुसलमान असल्याचे सांग म्हणजे पाणी मिळेल, अशी गाडीवाल्याने मसलत दिली. नऊ वर्षांचा मुलगा नाकेदारापुढे उर्दूत बोलला. तरीही पाणी मिळाले नाही. अन्न जवळ असून मुले त्या रात्री उपाशी निजली.

वाचकहो, या कथेत कोणत्याही मुलास कोणी मारिले नाही. कोणाच्या अंगावर ओरखडा उमटला नाही. तथापि पन्नाशीकडे झुकलेल्या त्या विद्वान पुरुषास आपल्या आठवणी सांगू लागता प्रथम आठवली ती हीच रात्र. लेकराच्या अंगावरील जखम भरते; दारातून परत फिरल्याची आठवण त्याच्याबरोबर वाढत जाते.

मग आईबापांनी करावे काय? आमच्या पाहण्यात आईबाप बहुधा तीन मार्ग धरितात.

पहिला मार्ग लपविण्याचा. आडनाव बदलावे, गाव विचारिले तर तालुक्याचे नाव सांगावे, वस्तीचे नाव सांगूच नये. शहरात भाड्याच्या खोलीकरिता हिंडणाऱ्या तरुणास आम्ही या गोष्टीबद्दल बोल लावणार नाही. नाक्यावरील त्या तहानलेल्या मुलासही कोणी सुज्ञ मनुष्य खोटे बोलल्याचा दोष देणार नाही. खोट्यावाचून ज्याने पाण्याची आशा उरू दिली नाही, दोष त्याचा. परंतु एका रात्रीची अडचण निराळी, आणि आईबापांनी जन्माचा नियम म्हणून शिकविलेली लपवाछपवी निराळी. जे मूल रोज लपविते ते मनात असे धरून बसते की, आपल्यापाशी लपविण्याजोगे काही आहे. वस्तुतः लाज पाणी नाकारणाऱ्याची आहे. आपण लपवू लागलो म्हणजे त्याची लाज आपल्या घरी आणून ठेवितो, आणि तिची राखण करण्यास आपल्या लेकरास बसवितो.

दुसरा मार्ग दूर ठेवण्याचा. "त्यांच्या आळीत जाऊ नकोस, त्यांच्या मुलांशी खेळू नकोस." असे केल्याने काही दिवस जखम टळते. पण मुलाचे जग अंगणाएवढे होते, आणि पुढे शाळा, कचेरी, बाजार यांत पाऊल टाकण्याची वेळ आली म्हणजे त्याचे पाय लटपटतात.

तिसरा मार्ग सोसण्याचा. "मोठी माणसं आहेत, गप्प बस." आमच्या मंडळ्यांतून याच मार्गास कित्येकदा क्षमेचे नाव देण्यात येते, म्हणून याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. क्षमा करणाऱ्याने अगोदर अन्यायास अन्याय म्हणून ओळखिले पाहिजे. ज्याला आपल्यावर अन्याय झाला हेच ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ते उच्चारण्याची मनाई आहे, तो क्षमा करीत नाही. तो केवळ वाकतो. लेकरांस वाकावयास शिकवून आपण त्यांस क्षमा शिकविली असे समजणे ही मोठी फसवणूक होय.

हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. काही वर्षांपूर्वी आमची कन्या नऊ वर्षांची असता मैत्रिणीच्या घरी गेली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात सरबत दिलं, मला एकटीला कागदाच्या. असं का?" आम्हांस तत्काळ सर्व समजले. आमचे लहानपण आमच्यापुढे उभे राहिले. तरी आम्ही म्हणालो, "पेले कमी पडले असतील, बेटा." ती खेळावयास गेली. पुढे पंधरा दिवसांनी शाळेतील दुसऱ्या एका मुलीने तिला खरे कारण सांगितले, आणि ते हसत सांगितले. त्या रात्री ती जेवली नाही. आम्हांस तिने एवढेच विचारिले, "तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही मला का नाही सांगितलं?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिला दुःखापासून राखावे असा आमचा हेतु होता, पण वास्तविक आम्ही तिला दुःखात एकटे सोडिले होते. अपमान तर व्हावयाचा तो झालाच. आमच्या खोट्याने एवढेच साधले की, ज्या क्षणी तिच्याजवळ बाप हवा होता त्या क्षणी तिच्याजवळ हसणारी मुलगी होती.

मोशेच्या आईची गोष्ट आपल्या मुलांनी शब्बाथशाळेत पुष्कळदा ऐकिली आहे. तिने बाळाला तीन महिने लपविले. पुढे लपविणे शक्य राहिले नाही, तेव्हा तिने लव्हाळ्यांची पेटी केली, तिला डांबर लाविले, आणि ज्या नदीचे भय तिच्याच पाण्यावर ती पेटी ठेविली. नदी आटविणे तिच्या हाती नव्हते. पेटीच्या फटी बुजविणे तिच्या हाती होते. आईबापांचे कामही एवढेच आहे, आणि हे काम थोडे नव्हे. लेकराच्या मनाच्या फटी खोट्याने बुजत नाहीत. "तुझ्यात काही उणे नाही, हा दोष करणाऱ्याचा आहे, आणि तुझ्याबरोबर आम्ही आहोत," या तीन गोष्टी त्यास वेळेवर, जखम होण्यापूर्वी, त्याच्या वयास समजेल अशा शब्दांत सांगितल्या पाहिजेत.

लहान मुलांस हे कसे पेलेल, अशी कोणी शंका घेईल. त्यास आम्ही १८५५ सालाकडे बोट दाखवितो. त्या वर्षी 'ज्ञानोदय' पत्रात मांग जातीतील मुक्ता नावाच्या मुलीचा निबंध छापून आला. मांग व महार यांची दुःखे हा त्याचा विषय. ती जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकत होती. तिचे वय चौदाच्या सुमाराचे होते. तिच्या शिक्षकांनी तिच्यापासून दुःख झाकून ठेविले नाही. ते बोलण्यासाठी त्यांनी तिला अक्षरे दिली. दुःखास शब्द सापडला म्हणजे ते नाहीसे होते असे नव्हे, परंतु मग ते मुलाच्या छातीवर बसून राहत नाही.

कायद्याने आपल्या बाजूने पुष्कळ केले आहे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. तिचे आचरण गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ साली झाला, आणि १९८९ साली अत्याचारांविरुद्ध आणखी कडक कायदा झाला. या कायद्यांची माहिती प्रत्येक उपदेशकास असावी. तथापि कायद्याचा हात विहिरीपर्यंत व कचेरीपर्यंत पोहोचतो. स्वयंपाकघरातील पेल्यांच्या मांडणीपर्यंत पोहोचणे त्यास कठीण पडते. तेथे घरच्यांचीच सद्सद्विवेकबुद्धि जागी असावी लागते.

येथवर लिहून आम्ही थांबलो असतो, तर वाचकांस हा लेख कदाचित अधिक आवडला असता. पण खरी गोष्ट अजून सांगावयाची आहे.

त्याच वर्षीच्या वैशाखात एक पारधी बाई कडेवर मूल घेऊन आमच्या दाराशी आली व तिने पाणी मागितले. पारध्यांसारख्या कित्येक जमातींस इंग्रज सरकारने १८७१ पासूनच्या कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण लोकांच्या मनातून तो गेला नाही. आमच्या मनातूनही गेला नव्हता. आमच्या ओट्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक पेला असे. आम्ही त्यात पाणी ओतून तिला दिले, आणि ती गेल्यावर तो पुन्हा कोनाड्यात ठेविला. तो घरात नेण्याचे आमच्या मनातही आले नाही. कन्या उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आपल्याकडे पण पेले कमी आहेत का?"

आम्ही अनेक वर्षे उपदेश करीत आलो आहो. एवढा लहान व एवढा नेमका उपदेश आम्ही कधी ऐकिला नव्हता. आमच्या लेकरास कोणी निराळा पेला देऊ नये म्हणून आम्ही रात्र रात्र जागलो होतो. आमच्याच ओट्यावर निराळा पेला आहे, हे आम्हांस दिसले नव्हते.

यास्तव त्या म्हातारीच्या उत्तरास आम्ही आज एक जोड देऊ इच्छितो. आमच्या लेकरास कोणी दारातून हाड म्हणू नये हे तर खरेच. पण आमच्या लेकराने कोणास दारातून हाड म्हणू नये, हे त्याहून मोठे राखणे होय. अपमान सोसलेले मूल बरे होऊ शकते. त्यास कवटाळणारे हात मिळाले की ते पुन्हा मान वर करिते. परंतु अपमान करण्यास शिकलेले मूल आपल्याला काही झाले आहे हे जाणतच नाही, म्हणून ते औषधही शोधीत नाही. आणि पहिल्या गोष्टीपासून राखणे सर्वस्वी आपल्या हाती नसते. ती लोकांच्या हाती असते. दुसरीपासून राखणे मात्र आपल्याच हाती, आपल्याच ओट्यावर आहे. आमच्या मंडळ्यांतूनही विवाहाची बोलणी निघाली म्हणजे जुन्या जातीची हळूच चौकशी होते. ती चौकशी मुले दाराआडून ऐकत असतात, हे आपण विसरतो.

प्रिय आईबापहो, मूल रडत घरी आले तर "तूच काही केले असशील" असे प्रथम म्हणू नका. अगोदर त्याचे सर्व ऐकून घ्या. खरे काय ते त्यास आपल्याच तोंडून कळू द्या. गरज पडल्यास त्याचा हात धरून शाळेत गुरुजींकडे जा, आणि शांतपणे पण स्पष्टपणे बोला; बाप आपल्यासाठी बोलला एवढे जरी मुलाने पाहिले, तरी त्यास आयुष्यभर पुरते. उपदेशक बंधूंनीही आपल्या वस्तीतील अशा मुलाच्या घरी त्याच दिवशी जावे. भेट आठवड्यावर टाकू नये. आणि आज संध्याकाळी आपापल्या ओट्यावर, कोनाड्यात, न्हाणीच्या भिंतीवर एकदा पाहून घ्या.

आमच्या कोनाड्यातील तो पेला आता तेथे नाही. ती बाई पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आली, तेव्हा कन्येने न सांगता घरातील पेला भरून आणिला, आणि तिने पाणी पिऊन परत दिल्यावर तो विसळून आमच्या पेल्यांत मांडिला. आम्ही काही बोललो नाही. त्या दिवशी तिला आमच्या उपदेशाची गरज नव्हती.