चहाचे जुने डबे

सांगली

चि. मुग्धास,


फोटो पोचले. ब्रूक बाँडचा लाल डबा आणि लिप्टनचा पिवळा, दोन्ही देखणे आहेत. साताऱ्याच्या भंगारवाल्याकडचा ढीग उपसून तू ते शोधलेस, याचं मला फार कौतुक वाटतं. पण तिसऱ्या फोटोत आपली ओवी त्यातलंच एक झाकण तोंडात घालून बसलेली दिसली आणि माझा जीव वरखाली झाला. फोनवर तू ‘हो गं आत्या’ म्हणतेस आणि कामाच्या धांदलीत विसरतेस, म्हणून लिहूनच पाठवते.

बाळा, जुन्या पत्र्यावरच्या रंगात शिसं असू शकतं. सांध्यांना दिलेल्या डाखातही ते असायचं. घरगुती रंगात दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग नसावेत, असा नियम आपल्याकडे झाला तो २०१६ साली. तुझे डबे त्याच्या कितीतरी आधीचे. रंगाचा पापुद्रा सुटला की तो आधी मुलाच्या बोटाला लागतो आणि मग तोंडात जातो. शिशानं लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो, आणि इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी ठाऊकच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तू म्हणशील, आजीनं याच डब्यांवर संसार केला. केलाच. चहा संपला म्हणून डबा टाकायची रीत आपल्याकडे नव्हती. एकात हळद, एकात बटणं आणि सुया, आणि फडताळातल्या डब्यात दूधवाल्याचे सुटे पैसे. तो वाजला की आम्हा मुलांना कळायचं, दूध आलं. पण तेव्हा डबे नवे होते, रंग शाबूत होता आणि शिशाची माहिती आपल्या घरात कुणालाच नव्हती. आजीला ठाऊक असतं तर तिनं सगळे डबे त्याच दिवशी माळ्यावर टाकले असते.

छंद सोडू नकोस हो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी जमवली, म्हणून आज राजा केळकर संग्रहालयात आपल्या पणज्यांची घरं बघायला मिळतात. तूही जमव, फक्त नीट वाचून घे. वजन पौंडात छापलेलं असेल तर डबा बहुधा १९६२ च्या आधीचा, कारण तोवर किलोची वजनं सक्तीची झाली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ च्या पंधरा ऑगस्टनंतरचा. दुकानदार खुशाल ‘इंग्रजांच्या काळातला’ म्हणेल, तू पिनकोड दाखव आणि भाव पाड. सांगलीतून घेशील तेव्हा आत गाळाची रेघ आहे का बघ. २०१९ च्या महापुरात इथल्या कितीतरी घरांतलं सामान कृष्णेच्या पाण्यात होतं, असा पत्रा आतून खात जातो.

आणि घरी आणल्यावर पॉलिश पेपरनं घासायला बसू नकोस. रंगाची धूळ उडते, ती श्वासातून आत जाते, शिवाय डब्याची शोभाही जाते. ओलसर मऊ फडक्यानं पूस, लगेच कोरडा कर आणि साबणानं हात धू. गंजलेली कड हाताला लागली तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला टाळाटाळ करू नकोस, लहानपणी करायचीस तशी.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांचा गुडघा बरा आहे, जिना चढतात. ओवीसाठी गोधडी शिवायला घेतली आहे.

तेवढं ऐक. डबे काचेच्या कपाटात, ओवीचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेव. तिची बिस्किटं आजच स्टीलच्या डब्यात काढ. रक्तातलं शिसं तपासता येतं, पुढच्या लसीला जाशील तेव्हा डॉक्टरांना त्याबद्दल विचार, आणि ते काय म्हणाले ते मला त्याच दिवशी फोन करून सांग.

तुझी,
आत्या