उकलणे आणि मोडणे

एखादी वस्तू उकलणे आणि ती मोडणे यांत भेद कोणता? दोहोंतही अवयव वेगळे होतात, आणि काम चालू असता दुरून पाहणारास तो भेद दिसतही नाही. पुन्हा जोडता आली तर उकल, न आली तर मोड, असे उत्तर आम्ही परवापर्यंत बिनदिक्कत देत असू. मुलुंडच्या एका गॅरेजात ते अपुरे ठरले.

आमच्या घरी वडिलांच्या वेळची चेतक स्कूटर आहे. ही गाडी १९७२ साली निघाली, आणि पुढे कित्येक वर्षे लोक नाव नोंदवून तिची वाट पाहत. पावसाळाभर जिन्याखाली पडून राहिल्याने आमची चेतक सुरू होईना. अशा वेळी पेट्रोल उडून जाते. पण टू-स्ट्रोक इंजिनासाठी त्यात मिसळलेले तेल मागे राहून कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म वाटा बुजविते. एवढे ज्ञान आम्हांस पुस्तकी होते. तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद करून व उजव्या बाजूचे झाकण उतरवून आम्ही स्वतःच कार्ब्युरेटर काढला. हवेची गाळणी, केबली, फ्लोट, त्याची सुई, असे करीत शेवटी जेट हाती आले. हा पितळेचा इवलासा तुकडा. पण इंजिनास पेट्रोल किती मिळावे, हे त्याचे छिद्र ठरविते. ते पेट्रोलने धुऊन हवेच्या झोताने मोकळे करावयाचे असते. तेवढा धीर आम्हांस नव्हता. आम्ही तार खुपसली.

गाडी सुरू झाली. एकही स्क्रू उरला नाही. आमच्या व्याख्येप्रमाणे ही निर्दोष उकल होती! परंतु आठवड्याभरात धूर वाढला, प्लग काजळीने काळा पडला, पेट्रोल भरमसाट जाऊ लागले.

"सर, जेटमध्ये तार घातली होती का?" मेस्त्रींनी पहिलाच प्रश्न केला.

"नाही," आम्ही म्हणालो. ज्यास आयुष्यभर लोक विचारीत आले, त्यास 'चुकलो' म्हणणे जड जाते, एवढेच त्याचे कारण.

मेस्त्रींनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि दोष अन्यत्र शोधला. सुई पाहिली, चोक पाहिला, गाळणी धुतली, दुपार सरली. अखेर त्याच क्रमांकाचे नवे जेट शेजारी धरून त्यांनी दोन्ही उजेडासमोर पाहिली. तेव्हा आम्ही कबुली दिली.

"आधी बोलला असता, तर माझी दुपार वाचली असती," एवढेच ते म्हणाले. मजुरी त्यांनी पुरी घेतली, व ती न्याय्यच होती.

जेटावर कोरलेला आकडा छिद्राचे माप सांगतो. तार फिरली की माप बदलते, आकडा मात्र तोच राहतो. यापरते असत्याचे नेमके चित्र आम्हांस ठाऊक नाही. कोणी म्हणेल, कुशल कारागिराने दोष शोधलाच ना? होय, पण आमच्या लाजेची किंमत त्याने आपल्या श्रमांनी का द्यावी?

म्हणून आमची व्याख्या आता अशी आहे: जो आपल्या हातून काय घडले ते पुढच्या हातास खरे सांगतो, त्याने वस्तू उकलली, जो लपवितो, त्याने ती जोडूनही मोडली. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मानक लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर बहुतेक गेलाच. परंतु वर्गात आम्ही रोज कविता खोलतो, रूढी खोलतो, थोरांची चरित्रे खोलतो. साफ करताना कोठे तार खुपसली, हे आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही किती वेळा सांगितले आहे? त्यांच्या किती दुपारी आमच्या 'नाही'पायी गेल्या असतील, याचा हिशेब अद्याप कोणी मागितलेला नाही.