वाच्यार्थ कुणाचा?

शाळेत मराठीच्या तासाला एक म्हण आली. ‘गाव तेथे महारवाडा.’ गुरुजींनी अर्थ विचारला. मागं बसणारा आमचा सोबती उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, परतेक गावाला म्हारवाडा असतो.” वर्ग हसला. गुरुजी तसे वाईट नव्हते. त्यांनी समजुतीनं सांगितलं, अरे, हा झाला शब्दशः अर्थ. म्हणीचा अर्थ असा, की चांगल्याबरोबर थोडं वाईट असायचंच. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. आम्हीही घेतलं. परीक्षेत त्याला दोन मार्क होते.

त्या पोराचं उत्तर चूक होतं काय? गुरुजींना महारवाडा म्हणजे कशाची तरी उपमा वाटत होती. त्याची आई त्या वेळी तिथं भाकरी थापत होती. आणि म्हणीतलं ते ‘थोडं वाईट’ म्हणजे आपणच, हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. दोन मार्कांसाठी आपणच आपल्याला वाईट लिहून द्यायचं, एवढाच सवाल होता. आम्ही लिहून दिलं.

पुढं कॉलेजात काव्यशास्त्र आलं. शब्दाच्या तीन शक्ती: अभिधा, लक्षणा, व्यंजना. शब्द सरळ घ्यायचा की लक्षणेनं, हे ओळखायची खूणही शास्त्रानं सांगून ठेवली आहे. मुख्यार्थाला बाध आला, म्हणजे सरळ अर्थ अडला, की लक्षणा. मम्मटाच्या काव्यप्रकाशात याचं जुनं उदाहरण आहे, ‘गंगायां घोषः’. गंगेवर गवळ्यांची वस्ती. आता नदीच्या प्रवाहात वस्ती कशी असेल? म्हणून गंगा म्हणजे गंगेचा काठ असं घ्या. मग सरळ ‘काठावर’ का म्हटलं नाही? तर वस्तीला गंगेची शीतलता आणि पावित्र्य आहे हे सुचवायचं होतं म्हणून.

उदाहरण सुरेख आहे, नाकारत नाही. पण प्रवाहात वस्ती असू शकत नाही हे ठरवलं कुणी? मुंबईत नाल्याच्या काठाला नव्हे, नाल्याच्या पात्रातच वासे रोवून झोपड्या उभ्या राहिलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. मोठा पाऊस झाला की पाणी चुलीत शिरतं, भांडी तरंगतात, बाया पोरं काखेत घेऊन रात्र काढतात. तिथला माणूस ‘आम्ही पाण्यात राहतो’ म्हणाला तर शास्त्रीबुवा त्याला उचलून काठावर बसवतील, आणि वर शीतलता आणि पावित्र्य बहाल करतील!

आमचं भांडण इथं आहे. सरळ अर्थ अडतो तो ऐकणाऱ्याच्या अनुभवाला अडतो. ज्याला जे कधी सोसावं लागलं नाही त्याला ते अशक्य वाटतं, आणि अशक्य वाटलं की तो म्हणतो, ही प्रतिमा दिसते. नाहीतर म्हणतो, भडक आहे. ओंजळीत वरून पाणी ओतलं, असं आमच्या माणसानं लिहिलं तर त्यात कसलं प्रतीक शोधता? पाणी वरून ओतलं. बाई, भांडं आणि ओंजळ यांच्यात हातभर अंतर होतं. एवढंच लिहिलंय.

विटाळ ही नुसती कल्पना होती, असंही आता काही शिकलेली मंडळी सांगतात. असेल. मग महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली, त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेले १०८ घडे मंत्र म्हणत तळ्यात सोडले ते कशासाठी? घडे मातीचे होते, मोजून घेतलेले होते. त्याआधी लाठ्यांनी डोकी फुटली, ती काही रूपकात फुटली नाहीत.

बरं, ही मंडळी सगळंच प्रतिमेत घेतात असंही नाही. आमचा कवी ‘आग लावीन’ म्हणाला की लगेच शब्दशः. तेव्हा लक्षणा आठवत नाही, पोलीस आठवतो. आमचा सरळ शब्द ती प्रतिमा, आणि आमची प्रतिमा तो कबुलीजबाब!

याउलटही एक पळवाट आहे, ती म्हणजे शब्दकोश. ‘चमार’ म्हणजे कातडं कमावणारा, जातीचं नाव, त्यात शिवी कुठली? असं म्हणून हात झटकता येतात. अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. त्याखालच्या एका प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं ही वाट अडवली. शब्दाची व्युत्पत्ती बघू नका, आज लोक तो कुठल्या अर्थानं वापरतात ते बघा, असं म्हटलं. कोर्टाला जे उमगलं ते आमच्या कित्येक समीक्षकांना अजून उमगायचं आहे.

आता थोडं आपल्या घरातलं बोलू. गावकूस, उकिरडा, गटार हे शब्द आपण भाषणांत इतके वापरतो, की बोलताना आपल्याला त्यांचा वास येईनासा झाला आहे. आपल्यातले बरेच जण आता सोसायटीत राहतात. त्यात गैर काही नाही. पण एका सभेत आमचाच एक वक्ता जोरात म्हणाला, “मित्रांनो, व्यवस्थेच्या गटारात उतरल्याशिवाय ती साफ होत नाही!” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हातानं मैला उपसायला लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, तरी माणसं गटारात उतरताहेत आणि आतल्या वायूनं मरताहेत. हे मला टाळी वाजवून झाल्यावर आठवलं.

त्या सभेत खुर्च्या मांडायला एक पोरगा होता. त्याचा बाप त्याच कामावर होता, हे मला माहीत होतं. तो भिंतीला टेकून वक्त्याकडं बघत होता. त्यानं त्या वाक्याचा काय अर्थ घेतला, ते विचारायचं माझ्या मनात होतं. मी विचारलं नाही. सभा संपल्यावर तो खुर्च्या गोळा करायला लागला.