‘गावात’ म्हणजे नेमकं कुठे?

‘गावी जातोय’ आणि ‘गावात जातोय’, फरक एका प्रत्ययाचा. पुण्यात पहिल्याचा अर्थ चार दिवस सुट्टी, दुसऱ्याचा लक्ष्मी रोड. कोथरूडचा माणूस पेठांकडे निघाला की ‘गावात’ जातो, जणू स्वतः रानात राहतो. मुंबईकर त्याच अर्थाने ‘टाउन’ म्हणतो, नाहीतर ‘फोर्टात’. त्या फोर्टाचा तट १८६० च्या दशकातच पाडला.

हिंगोलीतही तेच. १ मे १९९९ ला परभणीपासून वेगळा जिल्हा झाला, पण बाजारपेठेत जाणं म्हणजे अजूनही ‘गावात’ जाणं. स्टेशनच्या पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असं भारदस्त नाव आहे. उतरणारा मात्र ऑटोवाल्याला सांगतो, ‘गावात सोडा.’ मला हे आवडतं. ‘सिटी सेंटर’ म्हटलं की आधी मॉलच डोळ्यांपुढे येतो.

पण ज्याला आत आहे त्याला बाहेरही असतं. आमच्याकडच्या खेड्यांत ‘गावात जाऊन येतो’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त बौद्ध वस्तीतल्या मित्रांच्या तोंडून ऐकलंय. ग्रामपंचायत तीच, आधारवर गावाचं नाव तेच. तरी दोनशे पावलांवरच्या दुकानात जायचं तर ‘गावात’. कोथरूडकर फ्लॅट बघून, स्वखुशीने गावाबाहेर गेला. यांच्या पणजोबांना कुणी विचारलं नव्हतं.

संत नामदेवांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात. परंपरा सांगते की मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या, समाधी महाद्वारासमोर बांधली. ज्या भिंतीच्या आत राहता येत नव्हतं, ती बांधायला मात्र चोखोबा लागत होते. आणि नामदेवांसारख्या मित्रालाही त्यांना दारापर्यंतच नेता आलं. ही गोष्ट आपण भक्तीची म्हणून सांगतो, भिंतीकडे बघत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. योग्यच झालं. आमच्या धंद्यातल्या भाषेत हे फाइंड अँड रिप्लेस. पण ‘गावात’मधला ‘त’ कशात शोधणार? ती शिवी नाही. कुणाला खटकत नाही, बोलणाऱ्यालाही नाही.

मग शब्दच टाकावा का? मला नाही वाटत. त्याने आपलं बोलणं तेवढं स्वच्छ होईल. स्मशानं दोन आहेत तिथे दोनच राहतील. फोनवरचा नकाशा सगळ्या घरांवर एकच नाव लिहितो. बोलणारा निदान खरं सांगतो.

एका मित्राला मी सरळ विचारलं, तू गावात राहत नाहीस का? म्हणाला, “राहतो की. पण गाव वर आहे ना.”

आता त्याने हिंगोलीत नांदेड रोडला प्लॉट घेतलाय. परवा फोनवर सांगत होता, गावापासून जरा लांब पडतं, पण रस्ता चांगला आहे.