ताटीबाहेरची धाकटी



आजचं वाचन: संत मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग.

होमस्कूलिंग हा शब्द आपल्याला नवा वाटतो. पण आपण ज्यांची नावं रोज घेतो त्या चार भावंडांची शाळा कुठली होती, विचार केलाय कधी? निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई. वडील संन्यास सोडून संसारात परतले, म्हणून सगळं घर वाळीत पडलं. मुंज नाही, म्हणजे त्या काळच्या शिक्षणाचं दारच बंद. शुद्धिपत्र मागायला मुलं पैठणपर्यंत चालत गेली, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. आईवडिलांचं छत्रही गेलं. मग गहिनीनाथांकडून थोरल्याला जे मिळालं, ते त्याने पाठच्या भावाला दिलं. गुरू घरातला आणि शिष्यही घरातलाच.

परंपरेने ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ चा मानतात. ज्ञानेश्वरी नेवाशात पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. हिशेब करा. १५ वर्षं.

आमच्याही घरात एक १५ वर्षांचा आहे. त्याची माउलींशी बरोबरी करायला मी बसलेली नाही, घाबरू नका! पण त्याच्यामुळे हे अभंग मला वेगळे कळायला लागले.

डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके. आजी, आई-बाबा, मी, हा भाऊ आणि शेंडेफळ, १२ वर्षांची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत भाऊ शाळा, मग क्लास, मग क्लासचा गृहपाठ करून रात्री ताटावर पेंगायचा. एक दिवस त्यानेच बाबांना विचारलं, "मी घरी शिकलो तर चालेल का?" महिनाभर चर्चा झाली, रडारड झाली, आणि ठरलं. यथावकाश धाकटीनेही तेच मागितलं.

लोकांना वाटतं, घरी शिकणं म्हणजे उशिरापर्यंत लोळणं. आमच्याकडे पहाटे पाण्याने दिवस उजाडतो. आई ११ डबे करून देते, त्यामुळे साडेपाचला कणीक मळलेली असते. बाबा सातच्या आत लोकल गाठायला बाहेर. आजीचा हरिपाठ आणि मिक्सर एकाच वेळी सुरू. डबे गेले की ओट्याशेजारच्या फोल्डिंगच्या टेबलावर गणित. मी घरून काम करते त्या दिवशी माझा लॅपटॉपही तिथेच, त्यामुळे माझ्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी पायथागोरस ऐकलेला आहे. दुपारी भाऊ डब्यांची वही लिहितो: कोणाचे पैसे आले, कोणाची उधारी, तेल-तांदळाचा खर्च किती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला त्याने लेखाशास्त्र घेतलंय, ते या वहीमुळेच. तिथे पाच विषय पुरतात आणि ते एकदम द्यावे लागत नाहीत. वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि नोंदणी पाच वर्षं चालते. म्हणजे हे पळून जाणं नव्हे. रस्ता सरकारमान्य आहे, फक्त गर्दी कमी आहे.

आठवड्यातून एकदा दोघं कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात जातात. १८६४ सालचं वाचनालय! त्याच कल्याणात पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी जन्मल्या. गोपाळरावांनी त्यांना घरी शिकवलं आणि १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. हे आपण अभिमानाने सांगतो. पण गोपाळराव शिकवताना किती कठोर होते, हेही त्यांच्या चरित्रांत लिहिलेलं आहे. शाळेत घंटा झाली की मास्तर मागे राहतात. घरात शिकवणारा आणि जेवायला वाढणारा माणूस एकच असतो, त्याला घंटा नसते. त्याचा राग जेवणाच्या ताटापर्यंत येतो. म्हणून घरच्या शाळेत पुस्तकापेक्षा मोठा प्रश्न हा की, घरातलं कोण कोणाला काय सांगू शकतं?

आता अभंगांकडे येऊ. कथा अशी की, कोणीतरी ज्ञानदेवांचा अपमान केला. ते मनाला लागलं आणि ते झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून आत बसले. बाहेर कोण आलं? मुक्ताबाई. चौघांतली सगळ्यात लहान. ती प्रत्येक अभंगाच्या शेवटी एकच विनवणी करते, दार उघड. पण ती नुसती लाडीगोडी लावत नाही. ती ज्ञानदेवांना त्यांचीच विद्या परत ऐकवते. योगी म्हणवतोस ना? मग लोकांचा राग पोटात घालायला कोण शिकणार? आणि एक अगदी घरगुती दाखला देते. आपलेच दात आपल्या जिभेला लागले, तर आपण दात पाडतो का?

हे मला कधी कळलं, ते सांगते. मागच्या महिन्यात घरी पाहुणे आले होते. सगळ्यांसमोर भावाला विचारलं गेलं, "शाळेतून काढलं का रे तुला? मग पुढे काय, डबेच पोचवणार?" तो हसला. पाहुणे गेल्यावर आतल्या खोलीत गेला आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी डब्यांची वही कोरी. आईने हाक मारली, बाबांनी समजावलं, मी दाराबाहेरून छान छान बोलले. आतून एकच उत्तर: "मला एकटं राहू दे."

संध्याकाळी धाकटी बीजगणिताची वही घेऊन दाराला पाठ लावून बसली. म्हणाली, "ते काका त्यांच्या घरी गेले. तू इथेच राहणार आहेस. मला हे समीकरण तू शिकवतोस. तू दार लावलंस की माझी शाळा बंद पडते, कळतंय का?"

बराच वेळ काही नाही. मग कडी वाजली. तो बाहेर आला, कोणाशी बोलला नाही, वही ओढून घेतली आणि म्हणाला, "चिन्ह चुकलंय."

आम्ही मोठे त्याला समजावत होतो की तू हुशार आहेस. ती त्याला सांगत होती की तुझी मला गरज आहे. अपमान झालेल्या माणसाला कौतुक पोचत नाही, कारण त्या क्षणी ते खोटं वाटतं. आपल्यावाचून कोणाचं तरी काम अडलंय, हे मात्र खोटं वाटत नाही. मुक्ताबाईही शेवटी हेच सांगतात: तुम्ही स्वतः तरा, आणि जगालाही तारा. संतांना आपल्या रागापायी आत बसून राहायची मुभा नाही, कारण बाहेर कोणीतरी वाट बघत उभं आहे.

आणि दुसरी गोष्ट. ज्ञानदेवांनी दार उघडलं ते धाकटीच्या शब्दावर. ज्याने गीता मराठीत आणली, त्याने लहान बहिणीकडून ऐकून घेतलं. घरची शाळा चालते ती यावर. थोरला धाकट्याला शिकवेल, पण धाकट्याचं ऐकायची तयारी नसेल तर ती शाळा नाही, नुसता धाक आहे.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. दार दिवसेंदिवस उघडत नसेल, जेवणझोप बिघडली असेल, तर नुसते अभंग म्हणत बसू नका. डॉक्टरांना, समुपदेशकाला गाठा. ताटी उघडायला आलेला तोही हातच आहे.

आजचा संकल्प छोटासा. तुमच्या घरात, हॉस्टेलवर, ग्रुपमध्ये कोणी गप्प झालं असेल, तर "सगळं ठीक होईल" असा मेसेज पाठवू नका. त्याच्यावाचून तुमचं खरंच काय अडलंय, ते त्याला सांगा. आणि आत बसलेले तुम्हीच असाल, तर बाहेर कोण बसलंय ते एकदा कान देऊन ऐका. आवाज वयाने लहान असेल. तरी ऐका.

माउली, आम्हाला मुक्ताईसारखं बोलायचं धैर्य दे, आणि तुझ्यासारखं ऐकून कडी काढायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी. उद्या भेटूच.